एकदा सोडून दिलेला बेकारीचा दावा पुन्हा करता येतो का?

वाचकाचं पत्र: "मी निपाणीजवळच्या एका गावचा. आधी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत होतो. २०२१ मध्ये ते काम सुटलं, तेव्हा एका मित्रानं मोबाईलवरून ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) अटल योजनेचा अर्ज भरून दिला होता. पण सव्वा महिन्यातच कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम लागलं, म्हणून कागद घेऊन ईएसआयच्या शाखेत गेलोच नाही. पैसेही आले नाहीत. तेव्हापासून ठेकेदाराकडे तिथंच होतो, पगार महिन्याला १४,६००. आता ऑर्डरी नाहीत म्हणून ३० सप्टेंबरला आमच्या लाईनीतल्या सगळ्यांना घरी बसवलं. हिशोब न्यायला या आणि राजीनाम्यावर सही करा, असा ठेकेदाराचा निरोप आहे. अटलचा अर्ज पुन्हा भरायला गेलो तर नेटवाला म्हणाला, तुमचा एकदा झालाय, आयुष्यात एकदाच मिळतो. माझ्या मेहुण्यानं २०२१ मध्ये पुरे ९० दिवसांचे पैसे घेतले होते, तोही आता माझ्याबरोबर घरी आहे. आम्हा दोघांना काय मिळेल? आणि माझा विमा नंबर कर्नाटकात काढलेला, काम महाराष्ट्रात. त्यानं काही अडतं का?"

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण तिला वेळ कमी आहे. राजीनाम्यावर सही करू नका. बाकीचं सगळं नंतर दुरुस्त करता येतं, ही सही मागं घेणं फार अवघड जातं. कारण पुढं सांगतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर असं: तुम्हाला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून पुन्हा दावा करता येतो, मेहुण्याला येत नाही. 'आयुष्यात एकदा' ही अट मिळालेल्या मदतीला आहे, भरलेल्या अर्जाला नाही. नियम सांगतो की विमाधारकाला बेकारीच्या जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत आयुष्यात एकदा मिळेल. तुम्हाला २०२१ मध्ये एकही दिवसाची मदत मिळाली नाही, तेव्हा तुमचा तो 'एकदा' अजून शिल्लक आहे. मेहुण्यानं तो पुरा वापरला. अर्ज करणं आणि मदत घेणं यातला फरक नेटवाल्याच्या लक्षात आला नाही, इतकंच.

पण तुमच्या सांगण्यावर शाखा पैसे देणार नाही, नोंदीवर देईल. म्हणून आधी दोन गोष्टी तपासा. ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून आपल्या दहा आकडी नंबरानं आत जा आणि जुन्या दाव्याची स्थिती बघा. आणि २०२१ चं बँक पासबुक काढून त्या वर्षी ईएसआयकडून काही जमा झालं होतं का ते बघा. मित्रानं अर्ज भरला होता, म्हणजे खात्याचा नंबर त्यानं कुठला टाकला हेही पाहायला हवं. दुसऱ्याच खात्यावर रक्कम गेली असेल तर कागदोपत्री तुम्ही मदत घेतलेली ठरता, आणि तो वेगळाच गुंता होतो.

जुना दावा 'प्रलंबित' असा उघडा दिसत असेल तर तो तसाच ठेवून नवा भरू नका. आधी शाखेला साध्या कागदावर अर्ज द्या: माझा विमा नंबर अमुक, २०२१ मधला दावा क्रमांक अमुक, अमुक तारखेला दुसरं काम लागल्यानं मी कागदपत्रं दिली नाहीत, या दाव्यापोटी मला कोणतीही रक्कम मिळालेली नाही, तरी हा दावा बंद करावा. एवढंच लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच शिक्का घ्या. त्या जुन्या सव्वा महिन्याचे पैसे आता मागण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. काम सुटल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो, ती मुदत कधीच गेली. आणि समजा कोणी मंजूर करून दिलेच, तर पाच आठवड्यांच्या रकमेत तुमचा 'एकदा' संपून जाईल.

आता राजीनामा. अटल योजनेत अपात्र ठरण्याची कारणं ठरलेली आहेत: गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल, निवृत्तीचं वय झालं असेल, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, किंवा कामगारानं आपणहून काम सोडलं असेल. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीनं काम सोडत आहे' ही ठेकेदाराच्या तयार छापील कागदावरची ओळ तुम्हाला थेट शेवटच्या कारणात नेऊन बसवते. तुमच्या बाबतीत काम संपलंय, तुम्ही सोडलेलं नाही. तेच कागदावर यायला हवं. हिशोबाच्या पावतीवर सही करायला हरकत नाही, पण ती रक्कम वाचून आणि नुसत्या पैसे मिळाल्याच्या पावतीवर. पावती आणि राजीनामा एकाच कागदावर असेल तर राजीनाम्याची ओळ खोडायला सांगा. तो ऐकत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'ऑर्डर नसल्यामुळे ३० सप्टेंबरपासून काम बंद करण्यात आले, मी राजीनामा दिलेला नाही' असं लिहा आणि लगेच मोबाईलवर त्याचा फोटो काढा.

या सहीत आणखी एक नुकसान आहे आणि ते अटलच्या रकमेइतकंच भारी आहे. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. चार पुरी वर्षं भरली असतील तर ती भरपाईच दोन महिन्यांच्या पगाराच्या आसपास जाते. राजीनामा दिला की ती मागायचा आधारच जातो. ठेकेदाराला राजीनामा का हवा असतो, ते यावरून कळेल.

राजीनामा दिला नाही तरी ठेकेदार दर महिन्याला ईएसआयकडे जी ऑनलाईन यादी भरतो, तिच्यात तुमच्या नावापुढे काय टाकतो यावर बरंच अवलंबून असतं. एखाद्या महिन्यात कामगाराचे दिवस शून्य दाखवायचे असतील तर त्या यादीत कारणाचा आकडी कोड भरावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात (कामगार कमी करणे), ११ म्हणजे काम नाही. बहुतेक ठिकाणी हिशोबनीस सवयीनं २ टाकून मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे १ टाकतो आणि शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीखच भरत नाही. मग तुम्ही घरी बसलेले असता, पण ईएसआयच्या दृष्टीनं त्या ठेकेदाराकडे रजेवर असता. रजेवरचा माणूस बेकार नसतो, दावा तिथंच थांबतो. म्हणून हिशोबाला जाल तेव्हा तोंडानं न बोलता लेखी द्या: माझा शेवटचा कामाचा दिवस ३० सप्टेंबर असा नोंदवावा आणि कारण काम नसणे किंवा कपात असे द्यावे. सप्टेंबरची विम्याची वर्गणी १५ ऑक्टोबरपर्यंत भरायची असते, ऑक्टोबरची १५ नोव्हेंबरपर्यंत. त्या तारखांनंतर पोर्टलवर आपलं नाव उघडून काय नोंदलंय ते बघा.

आता पात्रता. इथं माणसं सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून जरा सावकाश वाचा. ईएसआयचं वर्ष दोन वर्गणी-काळांत वाटलेलं आहे: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं तुम्ही विमा असलेल्या कामावर असायला हवं. शिवाय बेकारीच्या लगेच आधीच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात किमान ७८ दिवसांची वर्गणी असायला हवी. तुमचं काम नेमकं ३० सप्टेंबरला संपलं, त्यामुळे हिशोब सरळ आहे. यंदाचे एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने पहिले बघायचे. मग मागचे तीन सहामाही काळ बघायचे, त्यातला एक जरी भरला तरी चालतो. मध्ये एखादा काळ आजारपणानं किंवा मंदीनं कोरडा गेला असेल तरी त्यामुळे हक्क जात नाही. २०१८ मध्ये योजना आली तेव्हा चारही काळांत ७८ दिवस लागायचे, मार्च २०२० पासून ही सवलत आली.

महिन्याला २६ दिवस भरणाऱ्याला सहा महिन्यांत ७८ दिवस म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ७८ दिवस तुम्ही राबल्याचे मोजत नाहीत, वर्गणी भरल्याचे मोजतात. काही ठेकेदार वर्गणी वाचवायला २६ दिवसांच्या कामगाराचे बारा दिवसच दाखवतात. बारा गुणिले सहा म्हणजे ७२. सहा दिवसांनी हक्क गेला! हे घरबसल्या पकडता येतं. तुमच्या १४,६०० पगारावर कामगाराची वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला ११० रुपये कापायला हवेत. पगारपत्रकात ११० कापलेत का ते बघा, मग पोर्टलवर वर्गणीच्या पानावर त्याच महिन्याचे दिवस, पगार आणि रक्कम बघा. तिथं दिवस १२, पगार ६,७३८ आणि वर्गणी ५१ दिसली, तर तुमच्याकडून पुरी कापून अर्धीच भरली आहे. चारही सहामाही काळांची पानं उघडून एका कागदावर महिनावार दिवस उतरवून काढा. एका संध्याकाळचं काम आहे आणि शाखेत जाण्याआधी ते झालेलं असलं पाहिजे.

दिवस कमी दिसले तर लगेच हार मानू नका. नियमात वर्गणी 'भरलेली किंवा देय असलेली' असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे मालकानं भरली नाही, हा त्याचा गुन्हा, तुमचा नाही. पण देय होती हे दाखवायला पुरावा तुमच्याकडे लागतो: पगारपत्रकं, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, हजेरीकार्ड, गेटपास, पंचिंगचे मेसेज. हे सगळं जोडून शाखेत तक्रार द्या आणि ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचंही नाव लिहा, कारण ठेकेदारानं चुकवलेल्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर येते. कंपनीचं नाव आलं की ठेकेदाराचे कागद लवकर हलतात.

तुमच्यासारख्यांच्या बाबतीत हमखास सापडणारा दुसरा घोळ म्हणजे दोन विमा नंबर. नंबर माणसाला आयुष्यभरासाठी एकच असतो. काम बदललं की नव्या मालकानं तोच नंबर आपल्या यादीत चढवायचा असतो. पण ठेकेदाराच्या ऑफिसात जुना नंबर विचारायची तसदी कोण घेतो? सरळ नवी नोंदणी होते. मग उद्यमबागेतली वर्षं एका नंबरावर, कागलची दुसऱ्यावर. ठेकेदार मध्येच बदलला असेल तर तिसराही निघतो, आणि दोन वर्षं एकाही नंबरावर सलग दिसत नाहीत. जुनं ई-पहचान कार्ड शोधा, कागलचं कार्ड शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचा नंबर आकडा न् आकडा ताडून बघा. वेगळे निघाले तर दोन्ही नंबर, दोन्ही मालकांची नावं, आधारची प्रत जोडून नोंदी एकत्र करण्याचा अर्ज द्या. याला वेळ लागतो, म्हणून दाव्याच्या आधी करा, दावा अडकल्यावर नको.

आपल्या भागात नावांचाही त्रास आहे. कर्नाटकातल्या कागदांवर नावाबरोबर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, महाराष्ट्रात भरलेल्या फॉर्मवर आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं पूर्ण नाव. वर यल्लाप्पामध्ये एल एक की दोन, परशरामचा परशुराम कधी झाला, हे वेगळंच. आधार, विम्याची नोंद आणि बँक खातं या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी नसेल तर आधारजोडणी होत नाही, आणि आधार व बँक खातं विम्याला जोडलेलं असणं ही या योजनेची अटच आहे. शक्य असेल तिथं आधारवरचं नाव धरून बाकीच्या दोन ठिकाणी दुरुस्ती करा. उलटं करायला गेलात तर रेशनकार्डापासून गॅसपर्यंत सगळीकडे पुन्हा फिरावं लागेल.

सीमेचा प्रश्न. ईएसआय हे केंद्राचं महामंडळ आहे. नंबर बेळगावात निघाला, काम कोगनोळी नाक्यापलीकडे होतं, यानं तुमचा हक्क एका पैशानंही कमी होत नाही आणि दोन्ही राज्यांतली वर्गणी एकत्रच मोजली जाते. राज्य बदललं की फरक पडतो तो दवाखान्यात, कारण दवाखाने बहुतेक ठिकाणी राज्य सरकारं चालवतात. आणि पडतो तो कुठल्या शाखेकडे दावा जाणार यात. पोर्टलवर तुमच्या नावापुढे जी शाखा नोंदली आहे तिथंच कागद द्या. कागलच्या कामामुळे ती कोल्हापूरकडची असू शकते. बेळगाव जवळचं वाटतं म्हणून तिथं दिलेले कागद टपालानं इकडून तिकडे फिरत बसतात. यापुढं इकडंच राहणार असाल तर दवाखाना घराजवळचा करून घ्या, पण हा बदल दावा मार्गी लागल्यावर करा. दाव्याच्या मध्यावर शाखा बदलली की कागद मागं पडतात.

रक्कम किती? शेवटच्या चार वर्गणी-काळांतला एकूण पगार भागिले ७३०, म्हणजे रोजची सरासरी कमाई. त्याच्या निम्मी रक्कम रोजची मदत. सुरुवातीला हे प्रमाण पाव होतं, २४ मार्च २०२० पासून निम्मं झालं. तुमचे १४,६०० चोवीस महिने पुरे भरले असतील तर ३,५०,४०० भागिले ७३० म्हणजे ४८० रुपये. निम्मे २४०. नव्वद दिवसांचे २१,६००. मधले तीन महिने बिनपगारी गेले असतील तर भागाकार तरीही ७३० नंच होतो, म्हणून रोजचे २१० आणि एकूण १८,९०० बसतात. आणि ठेकेदारानं चोवीसही महिने बारा-बारा दिवसच दाखवले असतील तर सगळी मदत जेमतेम दहा हजारांवर येते. वर्गणीची पानं बघा असं वर इतकं सांगितलं ते याचसाठी.

दावा कधी भरायचा? काम सुटल्यावर ३० दिवस झाले की तो देय होतो. आधी हे ९० दिवस होते. पुढच्या दिवसांचा दावा आगाऊ घेत नाहीत. तुमची बेकारी १ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे ३० ऑक्टोबरला तीस दिवस भरतात आणि २९ डिसेंबरला नव्वद. फॉर्ममध्ये 'पर्यंत' या रकान्यात आजच्या पुढची तारीख टाकली की तो परत येतो. मालकाची शिफारस किंवा सही लागत नाही, दावा तुम्ही स्वतः पोर्टलवरून करता. भरून झाल्यावर त्याची प्रत काढा, सही करा, आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडा आणि शाखेत नेऊन द्या किंवा स्पीड पोस्टानं पाठवा. पोर्टलवर कागद चढवता आले तर उत्तमच, पण २०२१ मध्ये तुमचं जे राहिलं ते नेमकं हेच होतं: ऑनलाईन भरलं आणि कागद पोचलेच नाहीत. या वेळी पोच हातात घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. सुरुवातीला २० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्येच काढली. कोणी बाँड करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

एक महत्त्वाची चौकशी मात्र फॉर्मच्या आधी करा. ही योजना १ जुलै २०१८ ला दोन वर्षांसाठी आली आणि पुढे मुदत वाढत गेली. तुमची काम सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का आणि निम्म्याचा दर कायम आहे का, हे शाखेत किंवा ईएसआयच्या मोफत क्रमांकावर, १८००-११-२५२६ वर, विचारून घ्या.

या तीन महिन्यांत काम मिळालं तर घ्यावं का? घ्यावं, २४० रुपये रोजासाठी काम सोडण्यात अर्थ नाही. फक्त मदत कामाला लागलेल्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचीच मागा. १ डिसेंबरला रुजू झालात तर १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, ६१ दिवस. उरलेले २९ दिवस पुढच्या बेकारीत मिळतील असं धरून चालू नका. म्हणूनच, चार-आठ दिवसांत काम लागणार याची खात्री असेल आणि हातातोंडाची गाठ पडत असेल, तर या वेळी दावा न करता तो 'एकदा' राखून ठेवणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं. तुमच्या लाईनीला पुन्हा ऑर्डर येण्याची चिन्हं आहेत का, ते तुम्हालाच ठाऊक. आता गळीत हंगाम सुरू होईल, साखर कारखान्यावर हंगामी काम मिळतं. तिथल्या ठेकेदारानं तुमचं नाव ईएसआयच्या यादीत घातलं की त्या दिवसापासून तुम्ही बेकार नाही, हे पोर्टलला दिसतं. ते लपवून ९० दिवस मागितले तर खोटं निवेदन ठरतं. त्यात शिक्षा झाली तर हक्क तर जातोच, घेतलेले पैसेही परत करावे लागतात.

दवाखान्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरात पोरंबाळं आहेत म्हणून सांगतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरलेल्याला पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात लाभ असतो. आणि त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा लाभ चालू असतो. दोन्ही काळ भरलेले असतील तर काम सुटलं तरी जूनअखेरपर्यंत तुमचं आणि घरच्यांचं कार्ड चालायला हवं. काम गेलं म्हणजे कार्ड गेलं असं समजून माणसं खाजगी दवाखान्यात पैसे मोजत बसतात.

दावा महिनाभर हलला नाही तर पोचपावती घेऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा. तिथं उत्तर मिळालं नाही तर ईएसआय महिन्यातून एकदा 'सुविधा समागम' घेतं, त्यात तक्रार मांडता येते. बेळगाव जिल्ह्यातल्या शाखेचं प्रकरण असेल तर वरचं कार्यालय हुबळीला आहे. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, घरून तक्रार करता येते आणि तिला क्रमांक मिळतो, त्यामुळे ती हरवत नाही.

आता मेहुणा. अटलचं दार त्याला बंद आहे, पण ईएसआयची दुसरी योजना आहे, तिच्याकडे फार कमी लोक जातात: राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघातानं ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, या तीनच कारणांना ती लागू होते. पहिल्या बारा महिन्यांना सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मा भत्ता, पुढच्या बारा महिन्यांना पाव. आयुष्यात एकूण २४ महिने. आणि ते एकदम किंवा तुकड्यांनी घेता येतात, एक तुकडा महिन्याहून लहान नसावा. म्हणजे मध्ये काम लागून भत्ता थांबला तरी पुढच्या कपातीत उरलेले महिने मागता येतात. अटलमधलं 'एकदा' इथं नाही.

अडचण एकच आणि ती मोठी आहे: कपात झाली हे कागदानं सिद्ध करावं लागतं. ठराविक मुदतीच्या करारावर माणूस असेल आणि करार संपला म्हणून घरी बसवलं असेल, तर कायद्यात त्याला कपात म्हणत नाहीत. मेहुण्याच्या नेमणुकीच्या पत्रात मुदत लिहिली आहे का ते आधी बघा. मुदत नसेल तर ठेकेदाराकडे आणि मूळ कंपनीकडे, दोघांकडे, कपातीचं पत्र लेखी मागा. त्यानंही राजीनाम्यावर सही करता कामा नये, त्याच्यासाठी तर ती सही म्हणजे उरलेलं एकमेव दार आपल्या हातानं लावणं आहे. पत्र मिळालं की वर्गणीची पानं आणि आधार-बँक जोडणी तुमच्यासारखीच तपासून शाखेत या योजनेचा अर्ज मागावा. खिडकीवर योजनेचं पूर्ण नाव सांगावं, नुसतं 'बेकारीचे पैसे' म्हटलं तर हातात अटलचाच फॉर्म पडतो.

गावात कोणी युवा निधीचं नाव काढलं तर गल्लत करू नका. कर्नाटक सरकारची ती योजना नव्यानं पास झालेल्या बेकार पदवीधरांना महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्यांना १,५०० देते, जास्तीत जास्त दोन वर्षं. कामावरून सुटलेल्या कारखान्याच्या कामगारासाठी ती नाही.